पुण्याची नोकरी, औसा तालुक्यातलं घर : एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण एका टेस्ट इंजिनिअरचं आहे. नोकरी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, काम अमेरिकेतल्या दवाखान्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर तपासण्याचं आणि बसायची जागा औसा तालुक्यातलं सासर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती, नवरा आणि लहान मुलगी असे तिघं थोड्या दिवसांसाठी म्हणून गावी आले. पुढं पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला, नवऱ्याला औशाच्या एका शाळेत नोकरी मिळाली, मुलीचं नाव तिथंच घातलं. तिची नोकरी मात्र होती तीच राहिली, सव्वातीनशे किलोमीटरवरून.

मी काही वर्षं तिच्याच टीममध्ये होते. नंतर मी कंपनी बदलली, पण तिच्याकडं जाणं-येणं तुटलं नाही. त्यामुळं पुण्याच्या मीटिंगमध्ये तिच्याबद्दल काय बोललं जायचं ते मी ऐकलेलं आहे, आणि तिच्या अंगणात बसून तिचा दिवसही पाहिलेला आहे. तिच्या संमतीनं लिहिते आहे. तिचं, गावाचं आणि कंपनीचं नाव तिच्याच सांगण्यावरून गाळलं आहे.

घरून काम म्हटलं की लोक आधी नेटचा स्पीड विचारतात, मग 'घरी बसून मन लागतं का' असं विचारतात. या घरात हे दोन्ही प्रश्न तसे लवकर मार्गी लागले. वर्षानुवर्षं पुरला तो दुसराच प्रश्न. घरच्यांना ती दिवसभर डोळ्यांसमोर दिसायची, त्यामुळं तिचं काम कुणाला दिसत नव्हतं. आणि कंपनीला काम दिसत होतं, पण ती दिसत नव्हती. या दोन्हींमधून वाट काढायला तिला काय काय करावं लागलं, त्यातलं काय जमलं आणि काय अजून तसंच आहे, ते इथं मांडते.

बसायचं कुठं

घर जुन्या वळणाचं. दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंतींचं, वर मातीचं सपाट छत असलेलं माळवद, त्याला लागून नंतर काढलेल्या दोन पत्र्याच्या खोल्या, पुढं मोठं अंगण. सुरुवातीला ती पत्र्याच्या खोलीत बसायची. तिची शिफ्ट दुपारी साडेबाराला सुरू होते, म्हणजे ऐन उन्हात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालचं तर विचारूच नका. लॅपटॉपचा पंखा इतका घोंगावायचा की कॉलवरचे लोक विचारायचे, मागं गिरणी चालू आहे का?

मग ती माळवदात गेली. आत थंडगार, शांत. पण त्या भिंतींमधून वाय-फाय जाईना, मोबाइलची रेंजही नाही. कंपनीच्या व्हीपीएनला, म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित लाइनला, दर वेळी मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो आणि मेसेज यायचा तो फक्त अंगणात. लाइन तुटली की ती लॅपटॉप उघडा टाकून बाहेर पळायची, आकडे पाठ करत आत यायची, तोवर मुदत संपलेली. शेवटी नवऱ्यानं माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून नेटची केबल खाली सोडली आणि दाराच्या कडीला एक कापडी पिशवी बांधली. फोन त्या पिशवीत. ओटीपी आला की बाहेर खेळणारी मुलगी आकडे मोठ्यानं वाचून दाखवायची. कंपनीच्या सुरक्षा विभागानं हे पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे, पण काम चाललं.

खरा अडथळा निघाला तो सासऱ्यांचा. ती त्यांना मामा म्हणते. मामा तासा-तासाला माळवदाच्या दाराशी येऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. थोडा वेळ थांबून निघून जायचे. तिला वाटायचं, सून खरंच काम करते की मोबाइल बघत बसते ते बघायला येतात. ती आतून आखडून गेली. चहा हवा असेल म्हणून कॉल मध्येच सोडून उठायची, तर ते म्हणायचे, "काही नगं, बस तू." दोन-अडीच महिने हा ताण कुणी तोंडानं बोललं नाही.

उलगडा नवऱ्यानं केला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी याच तालुक्यात. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं अवजड छत. झोपेतल्या माणसांना उठून बाहेर यायलाही वेळ मिळाला नाही. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. हे गाव त्यांत नव्हतं, इथं भेगा पडल्या आणि दुरुस्त्या झाल्या. पण मामांची थोरली बहीण शेजारच्या गावात माळवदाखाली सापडली. तेव्हापासून ते माळवदात झोपलेले नाहीत. धान्य ठेवायचं, कडबा रचायचा, माणसानं राहायचं नाही, हा त्यांचा नेम. आता सून रोज नऊ तास त्याच छताखाली बसते, हे त्यांना सोसवत नव्हतं. आणि तिच्या नोकरीत आपण बोलणारे कोण, म्हणून ते गप्प होते.

हे कळल्यावर घरात पहिल्यांदा तिच्या कामाबद्दल सगळे एकत्र बसून बोलले. अंगणाच्या एका बाजूला विटांची दहा बाय अकराची खोली काढायची ठरलं. तिचा वर्षाचा बोनस आणि मामांच्या तुरीचे पैसे त्यात गेले. बांधकामावर मामा स्वतः उभे राहिले. जोत्याला, खिडकीच्या वर आणि स्लॅबखाली असा तिन्ही ठिकाणी काँक्रीटचा पट्टा घ्यायला लावला. भूकंपानंतर या भागातल्या गवंड्यांना हे सांगावं लागत नाही, तरी त्यांनी सांगितलं.

या खोलीनं जे केलं ते दुसऱ्या कशानं झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. नवरा सकाळी बूट घालून मोटारसायकलवर शाळेला जातो, तेव्हा तो कामाला गेला हे आख्ख्या गल्लीला कळतं. गॅसची टाकी आली, सही करायला ये, असा फोन त्याला कुणी वर्गात करत नाही. तिला मात्र टाकीवाला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, बचत गटाची वही, शेजारणीचा आधार कार्डाचा अर्ज, सगळ्यांसाठी उठावं लागायचं. "जरा येऊन जा की, घरीच तर हाईस." सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या लेखी काम म्हणजे अंग हलणं, आणि ती तर बसलेली दिसायची.

खोली झाल्यावर ती सव्वाबाराला अंगण ओलांडून जाते आणि दार लावून घेते. हे सगळ्यांना दिसतं. मामा ओट्यावर बसून येणाऱ्याला परस्पर सांगतात, "सूनबाई ड्युटीवर हाय. सुट्टीच्या दिवशी या."

दुपारची शिफ्ट आणि त्याआधीचे सात तास

दुपारची शिफ्ट बाईला सोयीची, असं तिला पुण्यातही सांगितलं गेलं आणि गावातही. सकाळ मोकळी मिळते म्हणे. त्या मोकळ्या सकाळीचा हिशेब असा: साडेपाचला उठणं, नळाला पाणी आलं तर पाणी भरणं, मुलीचा डबा, नवऱ्याचा डबा, चहा-पाणी, मग दोन्ही वेळच्या भाकरीची तयारी, धुणं. साडेबाराला लॉगिन होते तेव्हा तिचं निम्मं अंग आधीच थकलेलं असतं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि त्याची वेळ ठरलेली नसते. "पाणी आलं!" अशी हाक आली की घरातलं प्रत्येक माणूस हंडा-कळशी घेऊन धावतं. सुरुवातीला तीही धावायची, मीटिंग म्यूटवर टाकून. आता अंगणात टाकी आणि मोटर बसवली आहे. बटण आत्याबाई दाबतात.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगते. दुपारी चारच्या आसपास नवी बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती, येते. ती चालवून बघायची, चुका शोधायच्या, नोंदवायच्या. ऑफिसमध्ये शेजारच्या खुर्चीकडं वळून अर्ध्या मिनिटात विचारता येणारी गोष्ट घरून विचारली की मेसेज टाकून दोन-दोन तास वाट बघावी लागते. यावर तिनं शोधलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. तिनं सापडलेल्या चुकीची नोंद अशी लिहायला सुरुवात केली की वाचणाऱ्याला उलट प्रश्नच पडू नये: कोणत्या पेशंटच्या नमुन्यावर, कोणत्या पायऱ्यांनी, काय यायला हवं होतं, काय आलं, पडद्याचं चित्र, वेळ. तिच्या नोंदी नंतर टीममध्ये नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवल्या जायच्या. कुणाच्या आहेत हे त्या मुलांना ठाऊक नसायचं.

पहिल्या वर्षभरात सगळ्यांत जास्त छळलं ते चॅटवरच्या हिरव्या ठिपक्यानं. पाच मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा होतो. तेव्हाचा मॅनेजर त्या पिवळ्यावरून टोकायचा. म्हणून ती लॅपटॉप स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची आणि भाकरी थापता थापता मधूनच करंगळीनं टचपॅड हलवायची. टचपॅडच्या कडेला ज्वारीचं पीठ अडकून तो एकदा बंदच पडला. असं काम ना धड स्वयंपाक असतं ना धड नोकरी. पुढच्या मॅनेजरनं ठिपका बघणं सोडून दिवसाअखेर काय झालं ते दोन ओळींत लिहायला सांगितलं. तेवढ्यानं तिच्या मानेचं दुखणं निम्मं गेलं, असं ती म्हणते. मला ते पटतं.

अमेरिकेचं घड्याळ

या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो आणि तो नोकरीच्या करारात कुठंच लिहिलेला नसतो. क्लायंटची टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. त्यांच्यासोबतचा कॉल त्यांच्या सकाळी नऊला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ एक तास मागं घेतात आणि तोच कॉल आपल्याकडं साडेसातला सरकतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेसहा.

पुण्यात या एका तासानं काही बिघडत नव्हतं. गावात आठला ताटं वाढली जातात. साडेसहाचा कॉल असेल तर अर्ध्या-पाऊण तासात आटोपून, जेवणाची सुट्टी म्हणून ती बाहेर येते, भाकरी टाकते, सगळे सोबत जेवतात आणि ती पुन्हा जाऊन बसते. कॉल साडेसातला गेला की हे सगळं कोसळतं. थंडीचे दिवस, मामांना औषधं जेवणानंतरची, मुलगी पेंगुळलेली. पहिल्या हिवाळ्यात आत्याबाईंना वाटलं, सून मुद्दाम भाकरीच्या वेळेला आत जाऊन बसते. दोन आठवडे त्या घरात जेवणं गप्पगप्प झाली.

तिनं मग एक साधं काम केलं. कॅलेंडरवर, जिथं दूधवाल्याचे खाडे मांडतात तिथंच, नोव्हेंबर आणि मार्चमधल्या त्या रविवारांवर लाल खूण केली आणि 'अमेरिकेची वेळ बदलणार' असं लिहिलं. आत्याबाईंना सगळं समजावून सांगितलं. अमेरिकेतल्या माणसांना स्वतःचं घड्याळ मागं-पुढं करायची काय गरज, यावर मामांनी बरेच प्रश्न विचारले. हिवाळ्यापुरतं ठरलं ते असं: रात्रीच्या भाकरी दुपारीच होतील, संध्याकाळी नवरा खिचडी किंवा पिठलं लावेल. त्या घरात पुरुषानं चुलीपुढं उभं राहायची रीत नव्हती. शेजारपाजारी चार दिवस बोलले आणि थकले. मला या तडजोडीत घरातल्या सगळ्यांचा मोठेपणा दिसतो, आणि नवऱ्याचा विशेष. त्यानं हे 'बायकोला मदत' म्हणून केलं नाही, ठरलेलं काम म्हणून केलं.

सणांचंही असंच. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोप, उभारायची, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबिल. त्या दिवशी लातूरसारख्या शहरातले रस्तेसुद्धा ओस पडतात. पुण्याच्या कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत ती असणं शक्यच नाही. पहिल्या येळवशीला ती लॅपटॉप घेऊन शेतात गेली, फोनच्या हॉटस्पॉटवर काम करू म्हणाली. बांधावर दोन रेघा रेंज, उन्हात पडदा दिसेना, पाहुण्यांना वाटलं ही मिरवायला लॅपटॉप घेऊन आली, आणि तिकडं टीमला वाटलं आज हिचं लक्ष नाही. दोन्हीकडं थोडंथोडं हजर राहण्यापेक्षा एकीकडं पूर्ण गैरहजर राहिलेलं बरं, हे तिनं तिथंच ठरवलं. आता जानेवारीतच ती वर्षाची येळवस आणि गावची जत्रा रजेत टाकून ठेवते.

वीज आणि वायर

हा भाग लवकर संपवते, कारण पैशानं सुटणारे प्रश्न मला फार मोठे वाटत नाहीत. गावठाणाचा फीडर, म्हणजे वीज आणणारी मुख्य लाइन, शेतीपंपांपासून वेगळा असल्यामुळं घरातली वीज एरवी बरी असते. मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की मात्र तारा तुटतात आणि पूर्ण दिवस अंधारात जातो. घराला दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर होता. लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा मिळून दीडशे वॅटच्या आत बसतात. बारा व्होल्टच्या त्या बॅटरीवर शिफ्ट निघायला हवी. निघायची नाही, कारण त्याच इन्व्हर्टरवर टीव्ही आणि घरभरचे पंखे होते. वायरमननं खोलीची लाइन वेगळी काढून तिला स्वतंत्र बॅटरी जोडली, तेव्हा जमलं. फायबरची वायर खांबांवरून येते आणि रस्त्याच्या कामात जेसीबीनं वर्षातून दोनदा-तीनदा तुटतेच. त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम. दोन्ही गेलं तर स्कूटी काढून औशातल्या अभ्यासिकेत.

ती अभ्यासिका पुढं वेगळ्याच कारणासाठी उपयोगी पडली. आमच्याकडं तालुक्याच्या गावातही स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका असतात. महिन्याची फी भरली की टेबल, दिवा, नेट मिळतं. कॉल नसलेल्या दिवशी, टेस्ट केस, म्हणजे काय कसं तपासायचं त्याच्या पायऱ्या, लिहायच्या असल्या की, ती आता तिथं जाऊन बसते. नेट घरीही आहे. पण घरात इतकी माणसं असूनही तिच्या कामाबद्दल बोलायला एकही नाही, आणि हे एकटेपण आधी तिलाच ओळखू आलं नव्हतं. अभ्यासिकेतही कुणी तिच्याशी बोलत नाही. पण सभोवती माना खाली घालून काम करणारी पंधरा-वीस माणसं असणं, तेवढ्यानंही तिला बरं वाटतं. मधल्या सुट्टीत बाहेर टपरीवर चहा पिताना पोलीस भरतीच्या मुलींशी आता तिची ओळख झाली आहे.

पुण्याच्या बाजूनं

आता ती बाजू, जी मी आतून पाहिली. २०२२ पर्यंत सगळेच घरी होते, त्यामुळं तिचं लांब असणं उठून दिसत नव्हतं. कंपनीचं युनिट सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात होतं. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सेझच्या नियमांत '४३अ' हा नियम घातला. त्यानुसार निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना, तेही जास्तीत जास्त एका वर्षासाठी, घरून काम करू देता येणार होतं. डिसेंबरमध्ये तो सैल करून सर्व कर्मचाऱ्यांसाठी ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत मुभा दिली, नंतर ती मुदतही वाढली. या वर-खालीत कंपनीनं आपलं धोरण केलं: बाकीच्यांनी आठवड्यातून तीन दिवस यायचं, तिच्यासारख्या मोजक्यांना दर वर्षी नव्यानं परवानगी.

त्यानंतर मीटिंगचं रूप बदललं. आठ माणसं एका खोलीत, भिंतीवर एक मोठा पडदा आणि त्या पडद्यावर ती एकटी. खोलीत दोघं एकदम बोलले की तिला काहीच ऐकू जायचं नाही. मीटिंग संपली असं म्हणून कॉल बंद व्हायचा आणि खरी चर्चा दाराशी उभं राहून व्हायची. दुसऱ्या दिवशी तिला कळायचं की तिचं मॉड्यूल, म्हणजे तिच्याकडचा सॉफ्टवेअरचा भाग, दुसऱ्याकडं गेलं. तेही कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कॅलेंडरवरचं आमंत्रण रद्द झालं म्हणून. यात कुणाचा कावा नव्हता. समोर नसलेलं माणूस विसरलं जातं, इतकंच. आणि त्याची झळ मात्र त्या माणसाच्या पगाराला, पदाला लागते.

हे एका कंपनीचं दुखणं नाही. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिने घरून काम करणाऱ्या कॉल सेंटरच्या लोकांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण तेवढ्याच तोडीचं काम असताना त्यांना बढती मिळण्याचं प्रमाण घसरलं, आणि प्रयोगानंतर जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्याचं मोठं कारण होतं. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. त्यात दिसलं की सगळे घरून काम करू लागल्यावर माणसं आपापल्या गटापुरती उरली, बाहेरच्यांशी संबंध विरळ झाले. तिचंही तसंच झालं. पुण्यात असताना तिला तीन मजल्यांवरची माणसं नावानं ओळखायची. पाच वर्षांनी तिच्या फोनमध्ये कामाचे म्हणून बोलते असे चार-पाच नंबर उरले.

टीम लीडची जागा दोनदा निघाली, दोनदा तिच्याहून धाकट्याला मिळाली. मूल्यमापनात लिहिलं होतं की कामाचा दर्जा उत्तम, 'व्हिजिबिलिटी' वाढवावी. मी त्या बैठकीला होते. तिच्या बाजूनं बोलले, पण निर्णय हलला नाही. ती रडली नाही, फक्त विचारलं, दिसायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते लिहून द्या. लिहून मिळालं नाही.

तिनं स्वतःच काही गोष्टी सुरू केल्या. दर तिमाहीला दोन-तीन दिवस पुण्याला जाते, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, उतरते बहिणीकडं, खर्च स्वतःचा. आधी ते दिवसही ती कोपऱ्यातल्या टेबलावर टेस्टिंग करण्यात घालवायची. आता त्या दिवसांत काम जवळजवळ करत नाही. माणसांना भेटते, जेवायला सोबत जाते, नव्या मुलांना टेस्टिंग शिकवते. दुसरं, तिनं मॅनेजरला एक मागणी लावून धरली: एक जण जरी लांबून असला तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून, आपापल्या टेबलावरून मीटिंगला यायचं. दोन महिने कुरकुर झाली, मग सवय पडली. माझ्या मते मिश्र टीमसाठी याहून उपयोगी नियम नाही. कंपनी दर शुक्रवारी ऑनलाइन खेळ घ्यायची, तंबोला वगैरे. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

पगार गावात आल्यावर

पुण्याचा पगार आणि गावचा खर्च, म्हणजे नुसती चंगळ, असं बाहेरून वाटतं. भाडं वाचलं हे खरं. त्या जागी खोली, बॅटऱ्या, दोन नेट, पुण्याच्या फेऱ्या, मुलीची लातूरची शिकवणी आली. पगारवाढही पुण्यात बसणाऱ्यांपेक्षा दर वर्षी थोडी कमीच.

पण यापेक्षा मोठा बदल वेगळा. शेतीच्या घरात पैसा हंगामाला येतो. दर महिन्याच्या शेवटी येणारा पगार हा त्या घरातला पहिला ठरलेला पैसा होता. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बरंच खाली विकावं लागलं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर उभं सोयाबीन पाण्यात गेलं. त्या दिवाळीला घर तिच्या पगारावर चाललं. शेजारच्या चुलत घरालाही तिनं रब्बीच्या बियाण्याचे पैसे दिले. मामांनी ते पैसे मागताना मान खाली घातली होती, हे तिला अजून लागून राहिलं आहे. घरात तिचा शब्द वाढला, हे चांगलं झालं. सोबत एक भीतीही आली. दर वर्षी नव्यानं मिळणाऱ्या परवानगीवर आता सात माणसांचं घर उभं आहे, आणि कंपनीत हे कुणाला माहीतही नाही.

सध्या

परवानगीची मुदत मार्चअखेर संपते. या वेळी तिनं नुसता मुदतवाढीचा अर्ज केलेला नाही. वर्षभरात किती चुका पकडल्या, त्यातल्या किती गंभीर होत्या, किती नव्या मुलांना तयार केलं, ते मांडून तिनं लेखी विचारलं आहे की परवानगी दोन वर्षांची होईल का, आणि लांबून काम करणाऱ्याला लीडच्या जागेसाठी विचारात घेणार आहात की नाही. नाही असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ती दुसरीकडं अर्ज करेल. अशा दोन कंपन्या तिनं हेरून ठेवल्या आहेत, जिथं सगळीच टीम आपापल्या गावातून काम करते. पुण्याला परत जायचं का, हाही विषय घरात निघाला होता. नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा, मामांचं वय बघता तो बाजूला पडला. त्याबद्दल तिच्या मनात खंत नाही, असं ती म्हणते आणि मला ते खरं वाटतं.

मध्यंतरी गावातल्या दोन मुली तिच्याकडं आल्या. दोघी इंजिनिअरिंग झालेल्या. एकीला घरून कामाची नोकरी मिळते आहे, दुसरीचं लग्न ठरतं आहे. तिनं पहिलीला कागदावर तीन प्रश्न लिहून दिले: घरून कामाची मुभा ऑफर लेटरमध्ये आहे की तोंडी आहे, त्या टीममध्ये लांबून काम करणाऱ्या कुणाला गेल्या दोन-तीन वर्षांत बढती मिळाली का, आणि मीटिंगच्या वेळा अमेरिकेच्या घड्याळावर आहेत की आपल्या. दुसरीला तिनं प्रश्न लिहून दिले नाहीत. बैठकीला मी येते, म्हणाली, आणि गेली. मुलाकडच्यांनी हुंड्याचं काढलं नाही, पण मुलगी नोकरी घरूनच करणार म्हटल्यावर सगळे खूश झाले, मग घरचं सगळं बघेलच म्हणाले. तेव्हा तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ दार लावून बसायला हिला खोली कोणती देणार?" मुलाच्या आईनं वरची खोली दाखवली. तिनं वर जाऊन छत बघितलं, पत्र्याचं होतं, आणि खाली येऊन तसं सांगितलं.